बायको आयसीयूत, नवरा बोटीवर: नौवहन मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

ब्राझीलमध्ये लोखंडाचं खनिज भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालत चीनकडे निघालेली बल्क कॅरियर साधारण 40 दिवस कुठल्याही बंदराला लागत नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यालगत बोटीवरचं घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे असतं. रत्नागिरीतल्या आयसीयूत सकाळी 11 ला डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात, तेव्हा बोटीवर रात्रीचे अडीच वाजलेले असतात. सेकंड ऑफिसरची वॉच, म्हणजे पहाऱ्याची ड्युटी, 12 ते 4. म्हणजे बायकोचं ऑपरेशन करायचं की थांबायचं हे ज्या क्षणी ठरतं, त्याच क्षणी तिचा नवरा एका लुकआउटला सोबत घेऊन अख्खी बोट हाकत असतो.

पूर्वी त्याला हे कळायलाच उशीर व्हायचा. आता तसं नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुरुस्त्या 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाल्या आणि शक्य तिथे बोटीवर इंटरनेट देणं मालकावर आलं. चांगलंच झालं. पण त्यामुळे मेहुणा व्हॉट्सॲपवर मॉनिटरचा फोटो पाठवतो आणि नवरा ऑक्सिजनचं 88 चं सॅच्युरेशन बघत चार्टवर पोझिशन टाकतो. बातमी पोचण्याची सोय झाली, माणूस पोचण्याची झाली नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

कागदावर हक्क आहेत. भारताने हे कन्व्हेन्शन ऑक्टोबर 2015 मध्ये स्वीकारलं. त्याच्या स्टँडर्ड ए 2.1 नुसार घरच्या तातडीच्या किंवा अनुकंपेच्या कारणासाठी कमी मुदतीत, किंवा नोटीस न देताही, दंडाशिवाय करार सोडण्याची गरज लक्षात घेऊनच नोटिशीची मुदत ठरवायची आहे. आयटीएफ या आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नमुना करारात तर प्रवासात असताना पत्नी गंभीर आजारी असल्याची खात्री झाली, तर खलाशी करार संपवू शकतो असं स्पष्ट कलम आहे. परतीचा खर्च पगारातून कापायला ए 2.5 ची मनाई आहे. अपवाद फक्त खलाशाने गंभीर कसूर केल्याचा. काळी यादी ठेवायला ए 1.4 ची मनाई आहे.

मग अडतं कुठे? रिलिव्हरपाशी, म्हणजे जागेवर येणाऱ्या बदली माणसापाशी.

साइन ऑफचा, म्हणजे बोट सोडण्याचा, मेसेज मास्टरकडून (कॅप्टनकडून) बोटीवर माणसं पाठवणाऱ्या क्रूइंग ऑफिसला गेला की पुढची साखळी अशी असते. त्याच रँकचा मोकळा माणूस शोधायचा. त्याचं मेडिकल चालू हवं. बोटीचा झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा असेल, तर सर्टिफिकेटवर त्या देशाचं एंडोर्समेंट, म्हणजे मान्यता, हवं. त्यासाठी अर्ज केल्याचा पुरावा असला तर एसटीसीडब्ल्यू हा खलाशांच्या प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रांचा आंतरराष्ट्रीय करार तीन महिन्यांपर्यंत काम करू देतं, त्यामुळे इथे सहसा अडत नाही. अडतं व्हिसावर. पुढचं बंदर अमेरिकेतलं असेल तर सी1/डी लागतो, ऑस्ट्रेलियातलं असेल तर तिथला मेरिटाइम क्रू व्हिसा. मग पोर्ट एजंट, ओके टू बोर्ड (विमानात बसू देण्याची मंजुरी), तिकीट, बोटीपर्यंत नेणारी लाँच. टँकर असेल तर आणखी एक गाठ: तेल कंपन्या ऑफिसर मॅट्रिक्स बघतात, म्हणजे वरच्या दोन अधिकाऱ्यांची मिळून कंपनीत आणि त्या रँकमध्ये किती वर्षं झाली ते. दोघंही नवखे चालत नाहीत. सेकंड इंजिनिअरला सोडलं आणि चीफ गेल्याच महिन्यात चढलेला असला, तर मॅट्रिक्स तुटतो, चार्टर (बोट भाड्याने घेण्याचा करार) जाण्याची भीती उभी राहते. कंपनीचा सुपरिंटेंडेंट मग माणसाला ‘पुढच्या पोर्टला बघू’ म्हणतो. पुढचं पोर्ट आलं की पुन्हा पुढचं.

रिलिव्हर येईपर्यंत माणूस तसाच सोडता येत नाही, हेही खरं. सेफ मॅनिंग सर्टिफिकेटवर जेवढी माणसं लिहिली आहेत तेवढी लागतातच. पण त्यालाही वाट आहे. झेंड्याचा देश डिस्पेन्सेशन देऊन खालच्या रँकच्या लायक माणसाला सहा महिन्यांपर्यंत वरचं काम करू देऊ शकतो. मास्टर आणि चीफ इंजिनिअर सोडून बाकी रँकना ही सवलत वापरता येते. ती मागायची तसदी बहुतेक वेळा कुणी घेत नाही, कारण मागितली नाही म्हणून कुणाला जाब द्यावा लागत नाही.

म्हणून पहिली मागणी अशी. संसदेने 2025 मध्ये 1958 च्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. त्याखालच्या नियमांत अनुकंपा साइन ऑफचं घड्याळ बसवा. खात्री पटल्यापासून 48 तासांत आरपीएसएल कंपनीने (खलाशी भरतीचा परवाना असलेल्या कंपनीने) कांजूरमार्गला नौवहन महासंचालनालयाला लेखी कळवावं: रिलिव्हर कोण, कुठल्या बंदरात किंवा कुठल्या अँकरेजवर, कोणत्या तारखेला. जमत नसेल तर का नाही आणि डिस्पेन्सेशन मागितलं का. एवढ्या तीन ओळी लिहाव्या लागल्या तरी निम्मी टोलवाटोलवी थांबेल.

वाटेतलं बंदर म्हणजे मालाचंच बंदर असायला हवं असं नाही. 2020 मध्ये कोची आणि विळिंजमच्या बाहेर बोटी थांबवून लाँचने माणसं बदलली गेली. पोर्ट लुईस, गाले, फुजैरा इथे हे रोजचं काम आहे. पश्चिम किनाऱ्यावर एक ठिकाण ठरवून तिथे रात्रीही इमिग्रेशनचा शिक्का मिळेल एवढी व्यवस्था केली, तर आखातातून सिंगापूरकडे जाणारी बोट थोडी वाकडी वाट करून माणूस उतरवू शकते. मालकाचे काही तास आणि थोडं इंधन जाईल. तेवढं जावं.

दुसरा प्रश्न खात्रीचा, आणि इथे आमची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. तारेच्या काळापासून ‘मदर सिरियस’ हा बोटीवरचा जुना विनोद आहे. पुढच्या कंपनीत जास्त पगार मिळतोय म्हणून बायकोला आजारी पाडणारे महाभाग आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या आजाऱ्याच्या नवऱ्याकडेही संशयाने बघितलं जातं. पण त्यावर उपाय म्हणून सिव्हिल सर्जनची सही मागू नका. सही आणायला धावपळ करणारा माणूसच तर बोटीवर असतो. प्रत्येक कंपनीकडे जॉइनिंगचं मेडिकल करणारे डीजी अप्रूव्ड (महासंचालनालयाने मान्य केलेले) डॉक्टर असतात. त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलावं आणि 24 तासांत एका पानाचा फॉर्म भरावा: डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, निदान, भरतीची तारीख, येत्या 15 दिवसांत काय होणार आहे (मोठी शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर, केमो किंवा डायलिसिसची सुरुवात), सोबत माणूस किती दिवस लागेल. डॉक्टरांशी डॉक्टर बोलले की खोटं फार वेळ टिकत नाही.

मालक विचारतील, एका माणसाच्या घरच्या दुखण्यासाठी बोटीने का थांबायचं. त्यांनी एन्क्लोज्ड स्पेसचं, म्हणजे टाकीसारख्या बंदिस्त जागेत उतरण्याचं, परमिट डोळ्यांसमोर आणावं. टाकीत ऑक्सिजन 21 टक्के आहे की नाही, ज्वलनशील वायू पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या 1 टक्क्यापेक्षा कमी आहे की नाही हे मीटर सांगतो. पण मॅनहोलच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो, त्याचं काम एकच: आतल्यांवर लक्ष. आतून उत्तर आलं नाही की स्वतः न उतरता अलार्म द्यायचा. रात्री अडीचला घरी बोललेला, मग सहाला पुन्हा उठलेला माणूस त्या तोंडाशी उभा केला, तर मीटरचा उपयोग काय? नियम 24 तासांत 10 तास विश्रांती मागतो, आणि ती दोन तुकड्यांत घेतली तरी त्यातला एक तुकडा सलग 6 तासांचा. रजिस्टरमध्ये ते तास नीट भरलेले असतात. झोप लागली का, असा रकाना त्यात नाही. बोट धक्क्याला लावताना ताणलेला दोर तुटला की ज्या पट्ट्यात उसळून येतो, त्या स्नॅप-बॅकच्या पट्ट्यात पाय पडतो, तो बहुतेक वेळा अशाच डोक्याने.

आता पैशाचं. घरी आलं की बहुतेकांचा पगार बंद. त्यात प्राप्तिकराची मेख. वर्षात भारतात 182 दिवस किंवा जास्त राहिलं की माणूस रहिवासी ठरतो आणि परदेशी बोटीवरचा पगारही करपात्र होऊ शकतो. 1 मेला चढलेला माणूस बायकोसाठी 130 दिवसांत उतरला आणि मार्चअखेर पुन्हा जाऊ शकला नाही, की त्या 130 दिवसांच्या कमाईवर कर लागू शकतो. ज्या वर्षी खर्च सर्वात जास्त, त्याच वर्षी. हे खातं आपलं नाही, अर्थमंत्र्यांचं आहे. पण 2020 मध्ये टाळेबंदीत अडकलेल्यांचे 22 ते 31 मार्चचे दिवस मोजू नयेत असं परिपत्रक करखात्याने काढलं होतं. डॉक्टरांच्या फॉर्मवर असलेल्या दिवसांसाठी तसंच काही करता येईल का, ही शिफारस आपल्याकडून जावी.

लांबच्या आजारात आणखी एक फटका बसतो. अधिकाऱ्याच्या कॉम्पिटन्सी सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत 12 महिने सी-टाइम (बोटीवरची नोकरी) लागतो, किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन. सी-टाइम माफ करा असं आम्ही म्हणत नाही. एसटीसीडब्ल्यूमध्ये ते बसणार नाही. पण मान्यताप्राप्त कोर्स किंवा चाचणीचा पर्याय त्यातच आहे. काळजीवाहू नवऱ्याला तो सवलतीच्या फीत, घराजवळ मिळावा. नवरा म्हणतोय ते सवयीने. बायको डेकवर आणि नवरा दवाखान्यात अशीही घरं आता आहेत, फॉर्मवर ‘जोडीदार’ असंच छापा.

शेवटचं काम फुकटात होण्यासारखं आहे. पगाराचं अलॉटमेंट, म्हणजे पगारातून घरी पाठवली जाणारी रक्कम, बायकोच्या एकटीच्या खात्यात जातं, ती व्हेंटिलेटरवर, आणि बँकेचा ओटीपी नवऱ्याच्या भारतातल्या सिमवर, जे बोटीच्या लॉकरमध्ये बंद पडलेलं. दवाखाना डिपॉझिट मागतो, विमा कंपनी प्रपोजरची (पॉलिसी घेणाऱ्याची) सही मागते. घरात पैसे असून म्हातारे आईवडील अंगठी मोडतात. आरपीएसएल कंपनीने जॉइनिंगच्या कागदांत हे तपासल्याशिवाय माणूस पाठवू नये: अलॉटमेंटसाठी दुसरं नाव, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खातं, भावाच्या किंवा सासऱ्याच्या नावे नोटरी केलेलं मुखत्यारपत्र, कॅशलेस कार्डाची प्रत घरी, आणि नेक्स्ट ऑफ किनच्या रकान्यात एकाऐवजी दोन फोन नंबर, त्यातला दुसरा बायकोचा नसलेला.

आपले,
कोकण किनाऱ्यावरचे काही मास्टर, इंजिनिअर, खलाशी आणि क्रूइंगच्या टेबलावर बसलेली माणसं