सूचना: आपत्तीत केलेल्या कामाचे पुरावे आत्ताच जमवा

सर्व सभासदांना नमस्कार.

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर दरड कोसळली तेव्हा, किंवा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा, कंत्राटावर राबलेले बरेच जण आपल्यात आहेत. आज कुणाला दम लागतो, कुणाची कंबर गेली. उपचारखर्चाचा दावा करायला गेलं की पहिला प्रश्न येतो: तुम्ही तिथे कामाला होतात कशावरून?

ठेकेदाराच्या दाखल्यावर अडून राहू नका. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबरवरून (पीएफसाठी मिळालेला कायमचा क्रमांक) पीएफचं पासबुक काढा. कोणत्या महिन्यात कोणाकडे होतात ते त्यात दिसतं. सगळ्यात पक्का कागद तोच. ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक, पगाराचं बँक पासबुक, हजेरी कार्ड, गेटपास यांतलं काहीही टाकून देऊ नका. पालिकेच्या कामाची हजेरीपत्रकं माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सोबत काम केलेल्यांची प्रतिज्ञापत्रंही घ्या, त्यात तारीख, जागा आणि काम स्पष्ट हवं. डॉक्टरांनाही कामाचं स्वरूप सांगून केसपेपरवर लिहून घ्या.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी अर्ज भरून देऊ. मूळ कागद आणि आधार कार्ड आणा. जे सोबती आता हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांनाही कृपया कळवा.