पेडण्याची लढाई

नॉटिंगहॅम

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मावशीने तुम्हाला फोन करून माझी चुगली केली, हे आईकडून कळलं. ‘तुमची लेक चतुर्थीला येऊन आमच्या ओसरीवर बाहुल्या खेळत बसली’ म्हणे. निम्मं खरं आहे. बाहुल्या होत्या, पण मावशीच्या तन्वीने माझ्याशी जे केलं त्याला खेळणं म्हणत नाहीत. फोनवर सांगायला गेले तर आवाज मध्येच तुटतो, आणि तुम्ही दोनदा ‘म्हणजे कोण जिंकलं?’ विचारता. म्हणून सविस्तर लिहिते.

खेळाचं नाव फ्रॉस्टग्रेव्ह. 2015 साली ऑस्प्रे या प्रकाशनाने त्याचं नियमपुस्तक काढलं. हजार वर्षं बर्फाखाली गाडलेलं जादूगारांचं शहर आता वितळायला लागलंय आणि जो तो तिथली लूट शोधायला धावतोय, अशी कल्पना. प्रत्येकाचा एक जादूगार, त्याचा एक शिष्य आणि भाडोत्री शिपाई: चोर, गुंड, शिकारी कुत्रा वगैरे. फार तर दहा जण. जादूचे पंथही दहा, आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग असतात तसे. बाहुल्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या; इथे नॉटिंगहॅममध्येच अशा बाहुल्या काढणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत, म्हणून येताना एक खोका तन्वीसाठी आणला होता. वीस जण निघतात त्यात.

रंगवायला तिला बरेच दिवस लागले, कारण मावशीच्या गावचा, गोव्यातल्या पेडण्याचा पाऊस. फवाऱ्याचा अस्तररंग दमट हवेत खरखरीत बसतो, तेव्हा सगळं ब्रशनेच करावं लागलं. तिचा जादूगार निळ्या झग्यातला आहे, आणि चेहऱ्यावर तिने भुवया काढल्यात! चितारआळीतल्या कुणीही मान डोलावली असती.

मैदान म्हणून कॅरमबोर्ड घेतला. अडीच-तीन फूट चौरस जागा लागते, ती बरोबर बसली. भोकं म्हणजे खोल विहिरी, तिथे कुणी जायचं नाही, असं ठरवलं. पडक्या भिंतींसाठी तन्वीने कुंपणाजवळचे चिऱ्याचे तुकडे आणले. बर्फाचं शहर तांबडंभडक झालं, आणि आम्ही दोघी घामाने निथळत होतो. लुटीच्या जागी गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या उतरवलेल्या सुपाऱ्या. पाच: दोन तिच्या बाजूला, दोन माझ्या, एक मधोमध. अंतर मोजायला मावशीची शिवणाची टेप. (तक्रारीचं खरं कारण ते असावं.)

तुम्ही म्हणाल, यात बुद्धिबळासारखी अक्कल कुठे? बुद्धिबळात हत्तीने प्यादं मारायचं ठरवलं की प्यादं मेलं. इथे दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपापलं बळ मिळवायचं, ज्याचं जास्त त्याचा घाव लागला. बरोबरी झाली तर दोघांनाही लागतो. म्हणून नशिबाचा खेळ वाटतो, पण फासा कुठे टाकायची वेळ आणायची आणि कुठे टाळायची हे आपल्या हातात असतं. प्रशियाच्या लष्करानेही 1824 पासून आपल्या अधिकाऱ्यांना नकाशावर फासे टाकून लढाया खेळायला लावल्या होत्या, हे मावशीला जरूर सांगा.

आणि खरी गंमत मारामारीत नाहीच. लूट उचलून पटाच्या काठाबाहेर नेली तरच ती तुमची. उचलली की चाल निम्मी होते. म्हणजे ज्याच्या हाती सुपारी, तोच सगळ्यात लंगडा.

दोन-दोन सुपाऱ्या दोघींनी भराभर बाहेर काढल्या. उरली मधली. ती माझ्या चोराने उचलली. तो एरवी चपळ, पण ओझ्याने एका फेरीत जेमतेम पाच इंच सरकायचा. काठ नऊ इंचांवर. तन्वीने शिकारी कुत्रा सोडला. दोघांची बेरीज 14! बरोबरी. दोघेही जखमी, दोघेही एकमेकांना चिकटलेले. मग तिने त्या झटापटीतच बाण मारला. असा बाण कुणाला लागेल ते फासा ठरवतो, आणि तो लागला तिच्याच कुत्र्याला. मी टाळ्या वाजवल्या. मावशी आतून ओरडली. तन्वी काही बोलली नाही, फक्त टेपने काहीतरी मोजत राहिली.

पुढच्या फेरीत डाव आधी तिचा आला. तिच्या जादूगाराकडे प्राण (घाव लागला की कमी होणारे गुण) उरलेले चार. आगीच्या बाणाच्या मंत्राला फाशावर 12 हवे होते, पडले 9. इथे एक नियम आहे: कमी पडतील तेवढे आकडे जादूगार स्वतःच्या प्राणांतून भरू शकतो. माझ्याकडे बघून ती म्हणाली, ‘आतां कितें करतलें गो ताई?’ आणि तीन प्राण भरले. एका प्राणावर उभा राहून त्या निळ्या झग्याने बाण सोडला. तिचे फाशाचे 11 आणि मंत्राचे सात, म्हणजे 18; माझ्या चोराचे 15. चोर गेला. सुपारी माझ्याच काठापासून चार बोटांवर पडलेली.

माझ्या जादूगाराकडे वस्तू लांबूनच सरकवायचा मंत्र होता. फाशाने 3 दिले. एवढी तूट भरायला प्राण होते कुठे? तिचा एक गुंड मागून येतच होता. त्याने सुपारी उचलली. लूट कोणत्याही काठावरून नेली तरी चालते, तेव्हा तो माझ्याच बाजूने बाहेर गेला. तीन-दोन.

लढाई संपली की पडलेल्यांसाठी पुन्हा फासा टाकतात. 1 ते 4 आले तर माणूस कायमचा गेला. चोराला 2 आले. कुत्र्याला 17, तो ठणठणीत.

ही मुलगी दहावीला आहे, बाबा, आणि टेपने मोजत होती ते गुंडाचं अंतर! आगीचा बाण मारायच्या आधीच. तिला तुमच्यासमोर बुद्धिबळाला बसवा, मला बघायचंय.

दिवाळीत ती खोका घेऊन सावंतवाडीला येणार आहे. मी तिला तुमचं नाव सांगून ठेवलंय. आपला कॅरमबोर्ड माळ्यावरून काढून पुसून ठेवा, पण त्यावर पावडर टाकू नका, बाहुल्या घसरतात. आईला नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
सई