गूढ शब्दकोड्याच्या उत्तराबरोबर उकलही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत काही महिन्यांपासून येणारे गूढ शब्दकोडे बंद करून त्या जागी पूर्वीचे साधे कोडे द्यावे, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र याच सदरात नुकतेच प्रसिद्ध झाले. पुढच्या रविवारी उत्तरे पाहिली तरी ती तशी का आली हे कळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रार माझ्या मते पूर्ण रास्त आहे; त्यांनी सुचवलेला उपाय मात्र मला मान्य नाही. कोडे चालू ठेवावे आणि उत्तराबरोबर प्रत्येक सूत्राची, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेल्या ओळीची, उकलही छापावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

साध्या कोड्यात सूत्र म्हणजे शब्दाचा अर्थ असतो आणि उत्तर पाहताच ते पटते, त्यामुळे तिथे खुलाशाची गरज नसते. गूढ सूत्रात मात्र उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. सूत्राचा एक भाग शब्दाचा अर्थ सांगतो, दुसरा भाग तोच शब्द अक्षरांच्या जुळणीतून घडवून दाखवतो, आणि हे दोन्ही भाग मिळून असे एक सरळ दिसणारे वाक्य तयार होते की त्याचा वरवरचा अर्थ वाचकाला भलतीकडे घेऊन जातो. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळाल्या की सोडवणाऱ्याला स्वतःच्या उत्तराची खात्री पटते. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी नुसती उत्तरे छापली तर विद्यार्थ्याला आपले चुकले एवढेच कळते, कुठे चुकले ते कळत नाही. रीतीशिवाय छापलेल्या गूढ कोड्याच्या उत्तराचे तसेच होते.

उकल म्हणजे मला नेमके काय अभिप्रेत आहे, हे काही उदाहरणांवरून सांगते. ही सूत्रे मी स्वतः रचलेली आहेत, आपल्या पुरवणीतील नाहीत. कुणाचे कोडे अर्धवट राहिले असेल तर त्यांचा विरस होऊ नये. ‘उलटा साप मावतो खोलगट तळहातात (२)’ या सूत्राचे उत्तर ‘पसा’; कंसातील आकडा उत्तरातील अक्षरांची संख्या सांगतो. ‘साप’ची दोन अक्षरे उलट वाचली की ‘पसा’ होतो आणि सूत्राचा उरलेला भाग पशाचा अर्थ सांगतो. ‘शेतात वाहतो, पंगतीला मांडतात (२)’ यात अक्षरांचा खेळ नाही, एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत, उत्तर ‘पाट’. ‘दिवसामागे हत्ती, पंढरीला जाणारा (४)’ यात दिवस म्हणजे वार, त्यामागे हत्तीसाठी संस्कृतातून आलेला ‘करी’, आणि जोडून ‘वारकरी’. ‘विखुरलेले कमल माळ्याच्या कामाचे (३)’ याचे उत्तर ‘कलम’. ‘विखुरलेले’ हा शब्द अक्षरांची जागा बदलण्याची खूण आहे. ‘वाचता कळेल आतले पेय (२)’ हे सूत्र तर उत्तर उघडपणे समोर ठेवते, कारण ‘वाचता’ आणि ‘कळेल’ यांच्या सांध्यावर ‘ताक’ आहे.

आता थोडे अधिक कठीण सूत्र घेऊ: ‘हळहळ दडवून पोटात ठेवले सांगलीचे सोने (३)’. वाक्य वाचताना डोळ्यांपुढे सराफकट्टा येतो, एखाद्या घरातील गहाण पडलेले दागिने येतात, आणि सोडवणारा ‘कनक’, ‘कांचन’ असे शब्द चौकटीत बसवून पाहू लागतो. वास्तविक ‘पोटात ठेवले’ ही आत दडलेल्या शब्दाची खूण आहे. ‘हळहळ दडवून’ या दोन शब्दांतील अक्षरे सलग लिहिली तर तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अक्षरांतून ‘हळद’ वर येते. ‘सांगलीचे सोने’ हा तिचा अर्थ आहे, आणि तो केवळ आम्हा सांगलीकरांच्या कौतुकापुरता नाही. येथील हळदीची बाजारपेठ देशभर ओळखली जाते आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, त्यामुळे नागपूरच्या वाचकालाही हा अर्थ परका वाटू नये. ज्याला हे सूत्र सुटले नाही त्याच्यापुढे नुसते ‘हळद’ हे उत्तर ठेवले तर तो म्हणणार की सोन्याशी हळदीचा संबंध काय, आणि त्याचे म्हणणे चूक ठरवता येणार नाही. हीच उकल दोन वाक्यांत वाचली की तोच वाचक पुढच्या रविवारी ‘पोटात’, ‘आतले’, ‘मधोमध’ असे शब्द दिसताच सावध होईल. अशा कोड्याची भाषा कुणी आधी शिकवत नाही. ती उकल वाचूनच शिकायची असते.

मराठीत तर उकल छापण्याची गरज इंग्रजीपेक्षाही अधिक आहे, कारण आपल्याकडे या खेळाचे कित्येक नियम अजून ठरायचे आहेत. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण असतो. मराठीत एका घरात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह पूर्ण अक्षर बसते, जोडाक्षरालाही एकच घर मिळते आणि म्हणून ‘कृष्णा’ हा शब्द दोन घरांत मावतो. याचा फायदा असा की आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात, तिथे व्यंजन आणि स्वर दोन्ही एकदम हाती लागतात. तोटा असा की अक्षरांची उलटापालट करून नवा शब्द बनवणे फार अवघड जाते; ‘कमल’ आणि ‘कलम’ यांच्यासारख्या जोड्या मराठीत मुबलक नाहीत. इंग्रजी कोडेकर्त्यांना उच्चार एक आणि लेखन वेगळे अशा शब्दांचा मोठा आधार असतो, तोही आपल्याला जवळजवळ नाही. उलट आपल्याकडे असलेले एक साधन त्यांच्याकडे नाही, ते म्हणजे स्वरचिन्हे. ‘वेलांटी पुसलेली नदी, तरी मोठा प्रवाह (२)’ या सूत्राचे उत्तर ‘नद’ आहे, आणि असे सूत्र देवनागरीसारख्या लिपीतच रचता येते.

येथे काही प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे छापील उकलीतूनच मिळू शकतात. पहिला प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘उलटी वाहणारी नदी गरीब बिचारी (२)’ या सूत्रात नदी उलटली की ‘दीन’ मिळतो, ‘दिन’ मिळत नाही. म्हणून येथे ‘गरीब’ असा अर्थ देणे बरोबर आणि ‘दिवस’ असा देणे चूक, असे माझे ठाम मत आहे. मात्र वेलांटीकडे दुर्लक्ष करण्याची सवलत कोडेकर्त्याने घेतली असेल, तर ती त्याने घेतली आहे हे वाचकाला कळले पाहिजे. दुसरा प्रश्न विभक्तीचा, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही बसवला तरी त्याचे रूप फारसे बदलत नाही, पण मराठी नामाला प्रत्यय लागला की त्याचे सामान्यरूप होते. ‘विखुरलेल्या कमलातून’ असे लिहिले की वाक्यात ‘कमल’ उरत नाही, ‘कमला’ होते, आणि मग वाचकाने नेमकी कोणती अक्षरे हलवायची? ज्या शब्दाच्या अक्षरांशी खेळायचे तो शब्द मूळ रूपातच दिला पाहिजे. ज्याचा केवळ समानार्थी शब्द घ्यायचा त्याला मात्र प्रत्यय लागला तरी बिघडत नाही, जसा ‘दिवसामागे’ या शब्दात लागला आहे. माझे हे मत इतरांना मान्य होईलच असे नाही. तथापि प्रत्येक आठवड्याची उकल समोर असेल तर अशा मतभेदांवर पुराव्यानिशी बोलता येईल.

उकल छापल्याने कोडेकर्त्यावरही एक बंधन येते आणि ते यावे असे मला मनापासून वाटते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत पहिले शब्दकोडे दिले, त्यातील सूत्रे साधी होती. सूत्राला गूढ वळण लागले ते इंग्लंडमध्ये. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स हे ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने अत्यंत अवघड कोडी देत असत. हे नाव स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या कठोर प्रमुखाचे होते. त्यांच्यामागून त्याच वृत्तपत्रात डेरिक सॉमरसेट मॅकनट यांनी ‘झिमेनीज’ हे तसेच नाव घेतले, पण त्यांचा भर प्रामाणिकपणावर होता, आणि १९६६ साली त्यांनी या कलेचे नियम पुस्तकरूपाने मांडले. त्या नियमांचे सार असे की सूत्रात अर्थाचा भाग नेमका असावा, अक्षरखेळाचा भाग न्याय्य असावा आणि या दोहोंखेरीज एकही शब्द फुकट नसावा. कोडेकर्त्याने वाचकाला चकवावे, पण जे सांगायचे ते सूत्रात खरोखर सांगितलेले असावे.

ही कसोटी कशी लावायची ते पाहा. ‘उत्तीर्णाच्या पोटात ऊ शिरताच शेतकरी आनंदला (३)’ असे सूत्र कुणी दिले, तर ‘पास’मध्ये ‘ऊ’ घालून ‘पाऊस’ होतो हे खरे, पण ‘शेतकरी आनंदला’ हा पावसाचा अर्थ नव्हे. तो फार तर पावसाचा परिणाम आहे. त्याऐवजी ‘उत्तीर्णाच्या पोटात ऊ, शेतकरी वाट पाहतो त्याची (३)’ असे म्हटले की सूत्र निर्दोष होते. नुसते ‘पाऊस’ असे उत्तर छापले तर पहिले सूत्र आणि दुसरे सूत्र यांतील फरक वाचकाच्या कधीच लक्षात येणार नाही. उकल लिहायला बसलेल्या कोडेकर्त्याच्या तो आपोआप लक्षात येईल, कारण प्रत्येक शब्दाचा हिशेब त्याला द्यावा लागेल आणि जो शब्द हिशेबात बसत नाही तो सूत्रात का आला, याचे उत्तर त्याच्यापाशी असावे लागेल.

या प्रकाराला कुणी परकी हौस म्हणत असेल तर तेही बरोबर नाही. प्रहेलिका म्हणजे शब्दकूटे आणि कूटश्लोक यांची आपली परंपरा वृत्तपत्रांपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. संस्कृत शिकलेल्या बहुतेकांना तो श्लोक आठवत असेल, ज्यात केशवाला पडलेला पाहून द्रोणाला हर्ष होतो आणि सारे कौरव मात्र आक्रोश करतात. ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण महाभारतात असे काही घडलेले नाही. मग शिक्षक पदे सुटी करून दाखवतात: ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शवम्’ म्हणजे प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे, पाण्यात पडलेल्या प्रेतावर कावळ्याला बसता येते, कोल्ह्यांना ते मिळत नाही म्हणून ते रडतात. हा श्लोक पिढ्यानपिढ्या टिकला तो त्याच्या उकलीसह टिकला. तो सांगणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने पदच्छेद करून दाखवल्याशिवाय तास संपवल्याचे मी ऐकलेले नाही.

जागेची अडचण मला समजते. एका चौकटीत वीस-बावीस सूत्रे धरली आणि प्रत्येकासाठी एकच वाक्य लिहिले, तरी अडीचशे-तीनशे शब्द होतात. परंतु सूत्र पुन्हा छापून त्यातील अर्थाचा भाग ठळक अक्षरांत दिला आणि अक्षरखेळ पुढे चार-सहा शब्दांत सांगितला तरी पुरेसे आहे. ‘पास’मध्ये ‘ऊ’, एवढे म्हटले की झाले. भरलेली चौकट छापण्यासाठी सध्या जी जागा जाते ती यासाठी वापरावी, कारण उकलीत उत्तर येतेच आणि चौकट पुन्हा पाहण्याची कुणाला गरज पडत नाही. शक्य झाल्यास वाचकांच्या आक्षेपांसाठीही महिन्यातून एकदा चार ओळी राखून ठेवाव्यात आणि त्यांवर कोडेकर्त्याचे उत्तर द्यावे. नव्या वाचकांसाठी सुरुवातीच्या काही रविवारी कोड्याशेजारी एकेका प्रकाराची ओळख दिली, तर ज्या वाचकाने कोडे बंद करण्याची मागणी केली त्यांनाही ते पुन्हा हाती घ्यावेसे वाटेल अशी माझी खात्री आहे.

उकल देण्याची सुरुवात मागील रविवारच्या कोड्यापासून करावी. त्यातील उभे ९ आणि आडवे १४ यांची छापलेली उत्तरे सूत्रांशी कशी जुळतात, हे येथील वाचनालयात कोडे सोडवणाऱ्या आमच्यापैकी कुणालाही अद्याप सांगता आलेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली