एकेक फ्लॅश लावायला शिकवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

दांडिया बाजारातल्या स्टुडिओत तुम्ही आम्हा फोटो काढणाऱ्या मंडळींना जे शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. घरच्या खोलीत तीन-चार फ्लॅश मांडून गोंधळणारे बडोद्यात आणखी बरेच आहेत. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत.

पहिले आभार त्या काळ्या फोटोचे. सगळे फ्लॅश बंद, आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) 200, लेन्सचं छिद्र एफ/5.6, शटर 1/160 सेकंद, आणि एक फोटो. तो काळाकुट्ट आला तरच पुढे जायचं. चेहरा पुसटसा जरी दिसला, तरी खिडकी किंवा ट्यूबलाइट आत शिरते आहे असं समजायचं. तिचा रंग फ्लॅशशी जुळत नाही आणि सावलीतला गाल हिरवट येतो, जो नंतर कॉम्प्युटरवर सुधारताना दमछाक होते. कॅमेऱ्याची सिंक मर्यादा (फ्लॅशसोबत चालणारी शटरची कमाल गती) 1/200 असली तरी 1/160 वरच राहायचं, कारण स्वस्त रेडिओ ट्रिगर किंचित उशिरा उडवतात आणि फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते.

मग मुख्य फ्लॅश, एकटाच. 43 इंची छत्री, आतून पांढरी, बाहेरून काळी. आरपार उजेड सोडणारी छत्री लहान खोलीत नकोच, कारण तिचा उजेड चारी भिंतींवर आपटून परत येतो आणि सावली उरतच नाही. भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइल पेंट असेल, तर माणूसही पिस्ता. फ्लॅशचं झूम 24 मिमीवर, म्हणजे छत्री कडेपर्यंत भरते. छत्री चेहऱ्यापासून 1.2 मीटरवर, बाजूला 45 अंशांत, डोळ्यांच्या वर. पॉवर पूर्ण ताकदीच्या 1/4 पासून सुरुवात. उजेड मोजणारा मीटर असेल तर त्याचा पांढरा घुमट हनुवटीखाली धरून कॅमेऱ्याकडे वळवायचा आणि बाकीचे फ्लॅश तोवर बंदच ठेवायचे. माणूस भिंतीपासून दीड मीटर पुढे बसला, तर भिंतीवर मुख्य फ्लॅशचा उजेड चेहऱ्यापेक्षा दोन स्टॉपहून (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) जास्त कमी पोचतो. पांढरी भिंत आपोआप करडी होते आणि पडद्याचा खर्च वाचतो!

फिलच्या, म्हणजे सावली उजळणाऱ्या दुसऱ्या फ्लॅशच्या, बाबतीत तुम्ही आमच्या डोक्यातला घोळ काढलात. पॉवरचा आकडा म्हणजे उजेडाचा आकडा नव्हे. तसाच फ्लॅश, तशीच छत्री, तीच पॉवर, पण अंतर दुप्पट, की चेहऱ्यावर चौथाई उजेड, म्हणजे दोन स्टॉप कमी. म्हणून फिलची पॉवर पाहायची नाही, चेहऱ्यावर मोजायचं. कॅमेऱ्याजवळ ठेवलेला फिल मुख्यपेक्षा एक स्टॉप कमी ठेवला तर उजळ बाजू आणि सावली यांचं प्रमाण 3:1 होतं, कारण फिल दोन्ही बाजूंवर पडतो. साध्या पोर्ट्रेटला एवढं पुरतं. आमचं मत विचाराल तर फिलसाठी फ्लॅश खर्च करण्याआधी थर्माकोलचा पांढरा पत्रा गालाजवळ धरून पाहावा. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

केसांवरचा फ्लॅश मागून, मुख्य फ्लॅशच्या तिरक्या विरुद्ध बाजूने, ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावून. काळ्याभोर, तेल लावलेल्या केसांना 1/32, पिकलेल्या केसांना 1/64, आणि आजोबांना टक्कल असेल तर तो फ्लॅश बंदच. नऊवारीतल्या बाईंचा फोटो असेल तर इथेच घात होतो: ग्रिड नसेल तर उजेड पदरावर सांडतो आणि त्यावरची जरतार पांढरीफट्ट होते. फ्लॅश आणि खांदा यांच्यामध्ये काळं कापड टांगलं की जरतार वाचते. नथीच्या मोत्याला मात्र वेगळा फ्लॅश लागत नाही, जवळची छत्री त्याला पुरेशी चमक देते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन राजा रविवर्मांच्या चित्रांत नाकाची सावली कुठे पडली आहे ते बघा, असं तुम्ही प्रत्येकाला सांगता. सल्ला फुकटचा आहे आणि मोलाचाही.

चष्म्यावर छत्री दिसली तर छत्री आणखी वर न्यायची, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचलायच्या, म्हणजे काचा खाली झुकतात. चेहरा फिरवून प्रश्न दुसऱ्या काचेत जातो, बस.

सात-आठ जणांच्या कुटुंबाला 1.2 मीटरचं अंतर चालत नाही. जवळचा काका उजळतो, लांबचा भाचा काळवंडतो. छत्री 3 मीटरवर नेली, तर 4.2 मीटरवरच्या माणसाला फक्त एक स्टॉप कमी पडतो. दोन रांगांसाठी एफ/8 आणि आयएसओ 800. एकाच छत्रीत दोन फ्लॅश 1/2 वर बांधायचे. एकाला फुल पॉवरवर रेटण्यापेक्षा ते लवकर भरतात आणि कमी तापतात.

फ्लॅश न उडण्याची कारणंही तुमच्यामुळे पाठ झाली. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवर (पॉवर आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीवर) असेल तर तो आधी मोजणीची झलक सोडतो. एस1 वर (पहिली चमक दिसताच उडणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेला दुसरा फ्लॅश त्या झलकेलाच उडून मोकळा होतो आणि फोटोत त्याचा पत्ता नसतो. एकतर पहिला मॅन्युअलवर, नाहीतर दुसरा एस2 वर, म्हणजे तो ती झलक सोडून देतो. फ्लॅशवरचा तयारीचा दिवा लागला म्हणजे फ्लॅश पूर्ण भरला असंही नाही. पटापट काढलेल्या फोटोंत दुसरा-तिसरा काळपट येतो तो म्हणूनच. साधे अल्कलाइन सेल फार सावकाश भरतात. रिचार्जेबल एनआयएमएच सेल चारच्या जोडीने नंबर टाकून वापरा, जोड्या मिसळू नका, हे तुम्ही डब्यावरच लिहून ठेवलं आहे.

आणि ज्या फ्लॅशचं काम एका वाक्यात सांगता येत नाही, तो तुम्ही न विचारता बंद करता. त्याबद्दल तेव्हा कुणी आभार मानले नव्हते, ते आता मानतो.

तुमचे दोन ग्रिड आणि वाळूच्या पिशव्या आमच्याकडेच आहेत. रविवारी आणून देतो. छत्री सतत खाली घसरत होती, त्या स्टँडच्या कॉलरचा स्क्रूही बदलून आणतो.

आपले,
बडोद्यातले विद्यार्थी