गाड्यांचे पंचनामे झाले, पोरांचं काय?

संपादक महोदय,
स.न.

नागपुरात १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महाल, हंसापुरीकडे जी दंगल झाली तिच्याबद्दल बरंच छापून आलं, औरंगजेबाच्या कबरीचा वाद, अफवा कुठून पसरली, जळालेल्या गाड्या, नुकसान दंगलखोरांकडून वसूल करू हे मुख्यमंत्र्यांचं बोलणं, सगळं. पण त्या गल्ल्यांमधल्या पोरांबद्दल चार ओळीसुद्धा माझ्या वाचण्यात आल्या नाहीत म्हणून लिहितेय. मी शाळकरी मुलांचं समुपदेशन करते.

२३ तारखेला संचारबंदी पूर्ण उठली आणि मोठ्यांसाठी विषय संपला. पोरांचं तसं नसतं. पहिली-दुसरीतली पोरं दंगल-दंगल खेळतात, एक जण गाडी जाळणारा, एक जण पोलीस, परत परत तेच, आणि आईबाप घाबरून दोन फटके देतात. मारू नका हो, जे त्याला सांगता येत नाही ते खेळातून बाहेर येतंय. कोणी परत अंथरूण ओलं करायला लागतं, कोणाचं पोट बरोबर शाळेच्या वेळेला दुखतं आणि डॉक्टरला काहीच सापडत नाही. आठवी-नववीतली पोट्टी मात्र घाबरलो म्हणणारच नाहीत, ती चिडतात, व्हिडिओ फॉरवर्ड करतात, आणि कालपर्यंत ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याच्याजवळ बसत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मानसतज्ज्ञांनी हॅम्पस्टेडला लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली होती, तिथे त्यांना दिसलं की बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं पोराला जास्त जड जातं, आणि जवळचं माणूस शांत असेल तर पोर बरंच निभावून नेतं. त्यामुळे मी तरी आधी घरच्यांशी बोलते. टीव्ही दिवसभर चालू असतो का, पोरांसमोर "ते लोक" असं काय काय बोललं जातं, रात्री ते कोणाजवळ झोपतं. निम्मं काम तिथेच असतं.

दुसरं, "आता काही होणार नाही बेटा" हे मी कोणाला सांगत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात वर्णभेदी राजवटीच्या काळात काम करणाऱ्या मानसतज्ज्ञांपुढे हाच प्रश्न होता, आघात संपलेलाच नाही, बाहेर पोलीस उभे आहेत, मग "आघातानंतरचे" उपचार कसे करायचे? त्यांनी याला सतत चालू असलेला आघात म्हटलं. अशा वेळी पोराची भीती आजार नसतेच, ती बरोबर असते. मग त्याला खरं आणि झेपेल इतकंच सांगायचं, घाबरल्यावर कोणाकडे जायचं ते ठरवून द्यायचं, जेवण, झोप, शाळा वेळेवर ठेवायची. बहुतेक पोरं एवढ्यानेच सावरतात. महिना उलटूनही झोप उडालेलीच असेल, तेच तेच डोळ्यासमोर येत असेल, तर मात्र तज्ज्ञाकडे न्या.

आणि शाळांना हात जोडून सांगते, सगळ्या वर्गाला हॉलमध्ये बसवून "सांगा कोणी काय पाहिलं" असले एका दिवसाचे कार्यक्रम करू नका. घटनेनंतर लगेच असं वदवून घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बोलायचं असेल ते पोर बोलेल, तुम्ही जवळ असा फक्त. पण "विषयच काढायचा नाही" हेही नको, त्यांनी मोबाइलवर तुमच्याआधी पाहिलेलं असतं.

दगड लागलेल्या घरातलं पोर आणि २४ मार्चला आरोपीच्या घरावर बुलडोझर चालताना बघणारं शेजारचं पोर, माझ्यासाठी दोन्ही सारखीच. हे लिहिल्यावर काही लोक चिडतील, चिडू देत.

मागणी एकच आहे, दंगलीनंतर तलाठी पंचनाम्याला जातो तसा त्या वस्तीतल्या शाळेत प्रशिक्षित समुपदेशक पाठवा, आणि एकदाच नाही, निदान ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत. तोवर पालकांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जवळ ठेवावा, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आपली,
एक समुपदेशक, नागपूर