आधी वहीत फेरे लिहायला लावणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही ‘काय हे!’ म्हणून विषय बदलणार, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

लेकीची ती मामाकडून आलेली नायट्रो बग्गी, म्हणजे ३.५ सीसीच्या इंजिनावर, खऱ्या इंधनाने धावणारी रिमोटची गाडी, तुमच्यापर्यंत पोचण्याआधी बऱ्याच हातांतून फिरली. एका दुकानदाराने तिच्याकडे न बघताच मला सुनावलं, ‘मॅडम, पिस्टन-स्लीव्ह गेलंय, नवीन इंजिन टाका. नाहीतर बॅटरीवाली घेऊन द्या, मुलींना तीच बरी.’ दुसऱ्याने इंजिनात इंधन किती जावं हे ठरवणाऱ्या, स्क्रूसारख्या फिरणाऱ्या दोन्ही सुया मनाला येईल तशा पिळल्या. इंजिन किंचाळलं, तापलं, बंद पडलं. ट्युनिंगचे पैसे मात्र त्याने मोजून घेतले. राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी वही मागितलीत. सुई अलगद आत बसेपर्यंतचे फेरे मोजलेत, सव्वातीन, आणि आकडा लेकीलाच लिहायला लावलात. सुई पुन्हा तेवढीच उघडलीत आणि म्हणालात, ‘आता बिनधास्त फिरव. चुकलं तर परत यायचा पत्ता लिहिलेला आहे.’ मग स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिलात आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहिलात.

काका, ते पाठीमागचे हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ‘व्हा बाजूला, मी करतो’ म्हणणारे आपल्याकडे पैशाला पासरी. येत असून थांबणारा माणूस क्वचित भेटतो. दुसऱ्याची वस्तू आधी कशी होती हे टिपून ठेवायचं, एवढं साधं सौजन्य गॅरेजात नाही, दवाखान्यात नाही, सरकारी टेबलावर तर विचारूच नका.

ती सुई फिरवत होती, इंजिन मात्र दर वेळी वेगळंच वागत होतं. तुम्हाला तिथेच शंका आली. इंधनाची सिलिकॉन नळी काढून वाटीभर पाण्यात बुडवलीत, एक टोक दाबून दुसरीकडून फुंकर मारलीत, आणि मधूनच बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. टाचणीएवढं भोक! तिथून हवा शिरत होती आणि इंजिन लीन होऊन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त मिळून, तापत होतं. एनसीसीच्या पोरांना कंट्रोल लाइनची, म्हणजे तारांनी धरून गोल फिरवायची छोटी विमानं उडवायला शिकवलेला माणूस तुम्ही, तुम्हाला ते सुचणारच. नळीचा तुकडा तुमच्याच डब्यातला, आणि पैशांचं नाव काढू दिलं नाहीत.

आता ती मला शिकवते. वेग देताना निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे, कारण वंगणाचं एरंडेल तेल इंधनातच असतं. धूर नाहीसा झाला की पिस्टन कोरडा पडायला लागला. पुणं सुमारे ५६० मीटरवर, हवा विरळ, म्हणून मुंबईत लावलेली सुई इथे थोडी रिच चालते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त होतं. घरभर जळक्या एरंडेलाचा वास आहे आणि मी चक्क तक्रार करत नाही.

त्या दुकानात ती गाडी घेऊन जायचा तिचा विचार आहे, नुसती दाखवायला. मी अडवणार नाही.

आणि हो, तिने एक प्रश्न पाठवलाय: थंडीत सकाळची हवा जड असते, तेव्हा सुई थोडी उघडायची ना? माझ्या ‘हो’वर तिचा विश्वास नाही. तुम्हीच सांगा.