मुथम्मांचा खटला लेखात का नाही?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला परराष्ट्र सेवेतील महिलांवरचा लेख वाचला. सी. बी. मुथम्मा यांच्या वाट्याला त्यात जेमतेम चार ओळी आल्या आहेत. जन्म कूर्गचा, १९४९ मध्ये सेवेत प्रवेश, हंगेरीत राजदूत, आणि ‘पहिल्या महिला’. छायाचित्र मात्र ऐसपैस छापलेत. त्यांची कारकीर्द एवढ्यात उरकणे मला मुळीच पटलेले नाही.

लग्न केले तर राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून सेवेत घेतानाच लिहून घेतले होते. १९६१ च्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि पुढे संसारामुळे कामात अडथळा येईल असे सरकारला वाटले तर नोकरी सोडायची. पुरुषांना यातले काहीच नव्हते. वरच्या श्रेणीतली बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा नोकरीत असतानाच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने बढती देऊन टाकली. सप्टेंबर १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी याचिका फेटाळली. पण याचिका फेटाळतो, प्रश्न नव्हे, असे बजावले आणि त्यांची सेवाज्येष्ठता पुन्हा तपासायला लावली. संसाराची अडचण पुरुष अधिकाऱ्यालाही येऊ शकते, हेही त्यांनी सरकारला सुनावले. हे सगळे तुमच्या लेखात नाही.

त्याच वर्षी मी एका कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. पहिला प्रश्न, ‘लग्न ठरलंय का?’ दुसरा, ‘सासर परगावचं मिळालं तर?’ बी.कॉम.चे गुण कोणी पाहिले नाहीत, टंकलेखनाचे प्रमाणपत्र पिशवीतच राहिले. माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला चक्रवाढ व्याजाचे गणित घातले. ते मला येत होते. जागा त्याला मिळाली. घरी सांगितले तर वडील म्हणाले, ‘विचारणारच गं ते.’ पुढे दिल्लीच्या निकालाची बातमी आली तेव्हा ती मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण धाकटीच्या मुलाखतीच्या वेळी स्वतः सोबत गेले.

चोकिला अय्यर २००१ मध्ये पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या, यावर लेखात अर्धा रकाना आहे. त्याबद्दल आनंदच आहे. पण त्यांच्या आधी सेवेत आलेल्या आणि १९८२ मध्ये ते पद न मिळताच निवृत्त झालेल्या बाईंनी नियमांशी झगडा केला होता, हे आजच्या मुलींना कोण सांगणार? पुरवणी त्याच वाचतात.

आणखी एक. वाचकांच्या पत्रांची जागा हल्ली जाहिरातींना जाते, आणि उरलेली पत्रे कापूनकुपून येतात. हे पत्र कापायचेच असेल तर माझ्या मुलाखतीचा भाग कापा, पण मुथम्मांचा खटला राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा